पावसाळ्यात कोकरांना जंत: दर महिन्याला डोस पाजायचा का?

माळरान_माण

राम राम मंडळी. माण तालुक्यात आमचं मेंढरांचं खांड आहे, बरीचशी दख्खनी, थोडी माडग्याळ. चुलते आणि भाऊ राखणीला असतात, मी नोकरीमुळे सुट्टीलाच गावी. यंदा पाऊस बरा झाला, गायरान हिरवंगार आहे, तरी फेब्रुवारी-मार्चची कोकरं वाढायचं नाव घेईनात. पाठीचं हाड हाताला लागतं, लोकर ओढली की मुठीत येते, खांडाच्या मागे मागे रेंगाळतात. दोन-तीन कोकरांना तर चरून आल्यावर संध्याकाळी जबड्याखाली मऊ सूज दिसते, पाणी साचल्यासारखी, आणि सकाळी तीच सूज ओसरलेली असते. संडास मात्र पातळ नाही, नीट लेंड्या टाकतात म्हणून घरच्यांना वाटतं की जंत नसणारच.

जूनमध्ये सगळ्यांना अल्बेंडाझोल हे जंताचं औषध पाजलं, ऑगस्टमध्ये परत पाजलं, काही फरक नाही. चुलते म्हणतात दर महिन्याला पाजत राहू. शेजारच्या गावातले एकजण म्हणाले की असं पाजून पाजूनच औषध लागू पडायचं बंद होतं. आता कुणाचं ऐकायचं? औषध कुठलं द्यायचं आणि मुळात जंत होऊच नयेत म्हणून चराईत काय बदल करता येईल, अनुभव असतील तर सांगा.

रानवेडी

वाचतेय. आमच्याकडे शेळ्या आहेत पण प्रश्न हाच.

धनगरवाडा

भावा आमच्यात म्हैन्याला पाजत्यात समद्यांला, बारकं-मोठं काय बघत न्हाय. आखाड लागला की बाटल्या आणून ठेवायच्या. पर खरं सांगायचं तर धा-पंधरा वर्साखाली वर्सातनं दोनदा पाजलं तरी भागायचं, आता त्याच बाटलीनं मेंढरू सुधरत न्हाय. औषधात भेसळ हाय असं आमची मंडळी म्हनत्यात.

गळ्याला पानी उतरलं म्हंजी रगात कमी झालं एवढं नक्की. डोळ्याची खालची पापणी उलटून बघ, पांढरी दिसंल.

पशुवैद्य_भटका

धनगरवाडा यांनी मुद्द्याला हात घातलाय. माळरान, आधी पापणी बघा मग बाकीचं बोलू. तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे पातळ संडास नाही, जबड्याखाली सूज, अशक्तपणा आणि तेही ऐन पावसाळ्यात, त्यावरून पहिला संशय हिमॉन्कस या रक्तपित्या जंतावर जातो. लोक आतड्यातले जंत म्हणतात पण हा बसतो चौथ्या पोटात. मेलेल्या कोकराचं ते पोट उघडलं तर आतल्या अस्तरावर दोन-तीन सेंटीमीटरचे बारीक किडे वळवळताना दिसतात, मादी नीट न्याहाळली तर रक्तानं भरलेल्या लाल आतड्याभोवती पांढऱ्या अंडाशयाचा पीळ पडलेला दिसतो. एकदा बघितलं की माणूस विसरत नाही.

एक किडा दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त पितो. ऐकायला काहीच नाही, पण पोटात हजार किडे असले तर रोजचं ५० मिली झालं आणि २० किलोच्या कोकराच्या अंगात रक्त असतं सव्वा लिटरच्या आसपास. रक्तातली प्रथिनं कमी झाली की पाणी शिरेबाहेर झिरपतं, दिवसभर मान खाली घालून चरल्यावर ते जबड्याखाली उतरतं, रात्री मान वर असते म्हणून सकाळी सूज कमी. म्हणून तुमचं संध्याकाळचं निरीक्षण फार चांगलं आहे.

आता हे वाढतात का, तर एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात, ऊब आणि ओल मिळाली की आठवडाभरात अळी तयार होते, गवतावरच्या पाण्याच्या थराला धरून वर चढते आणि कोकरानं ते गवत खाल्लं की साधारण तीन आठवड्यांत तिचीच पिल्लं अंडी घालायला मोकळी. श्रावण-भाद्रपदात आपल्या माळावर हे चक्र जोरात फिरतं. मोठ्या मेंढीच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार झालेली असते, कोकरांत ती नसते, म्हणून एकाच कुरणात आई धडधाकट आणि कोकरू मरायला टेकलेलं दिसतं.

अल्बेंडाझोलनं फरक पडला नाही याची दोन मोठी कारणं असू शकतात. एक, डोस कमी पडला. दोन, तुमच्या खांडातले जंत त्या औषधाला सरावले. पहिलं तपासल्याशिवाय दुसऱ्यावर जाऊ नका. डोस कसा मोजला होता?

माळरान_माण

डॉक्टरसाहेब, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. भावाला व्हिडिओ कॉलवर पापण्या बघायला लावल्या. सूज असलेल्या कोकरांच्या पापण्या अगदी कागदासारख्या पांढऱ्या, बाकी कोकरांत काही फिक्या गुलाबी, मोठ्या मेंढ्या बहुतेक लालच. डोस म्हणाल तर मेंढीला एक झाकण, कोकराला अर्धं झाकण असा हिशेब चालतो. बाटलीवर २.५ टक्के लिहिलंय.

पशुवैद्य_भटका

झाकणाचा हिशेब आजपासून बंद करा. २.५ टक्के म्हणजे एका मिलीत २५ मिलिग्रॅम. मेंढीला किलोला ७.५ मिलिग्रॅम धरलं तर २० किलोच्या कोकराला १५० मिलिग्रॅम, म्हणजे ६ मिली. दुकानात १० टक्क्यांची बाटलीपण मिळते, तिचं त्याच कोकराला दीड मिलीच लागतं, म्हणून टक्केवारी वाचल्याशिवाय सिरिंज भरायची नाही. काटा नसेल तर कोकरांचे वजनाप्रमाणे गट करा आणि गटातल्या सगळ्यात जड कोकराच्या वजनानं त्या गटाला डोस द्या, सरासरीनं दिला तर जड कोकरांना कमी पडतो आणि त्यांच्या पोटात औषध पचवून जगलेले जंत पुढे तीच जात वाढवतात.

पाजताना तोंड आभाळाकडे करू नका. मान सरळ ठेवून सिरिंज ओठाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागच्या भागावर न्यायची आणि हळू सोडायचं, ठसका लागला तर थांबायचं. फुप्फुसात गेलेल्या औषधानं कोकरू न्यूमोनियानं जातं आणि आपण म्हणतो औषध बाधलं. अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल देणार असाल तर आदल्या रात्री चारा बंद ठेवला, पाणी चालू ठेवलं तर औषध पोटात जास्त वेळ राहतं. गाभण मेंढ्यांना मात्र उपाशी ठेवायचं नाही आणि गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल टाळायचं, गर्भात व्यंग येऊ शकतं.

बाभळबन

सगळे औषधावरच बोलताय म्हणून लिहितो. आमच्याकडे पळसाच्या बियांची पूड, वावडिंग, कडुनिंबाचा पाला हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. रसायनं पाजून जंत सरावतात तर मग जुन्याकडे का जाऊ नये? शिवाय शेणकिडे मरत नाहीत.

धनगरवाडा

आमचा म्हातारा मोरचुदाचं पानी पाजायचा. मेंढरं सुधरायची बी आन कधी मरायची बी.

पशुवैद्य_भटका

मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, तो कुणीही वापरू नका. एकेकाळी याच जंतावर ते वापरत होते हे खरं आहे, पण मेंढीला तांबं फार लवकर बाधतं, यकृतात साठत जातं आणि एक दिवस लघवी लाल होऊन जनावर पडतं. शेळी किंवा गाय जेवढं सोसते तेवढं मेंढी सोसत नाही.

बाभळबन, पळसाच्या बियांवर मेंढ्यांत प्रयोग झालेत आणि अंडी कमी झालेली दिसलीत, मी ते नाकारत नाही. पण मात्रा मोठी लागते आणि बीगणिक ताकद बदलते. पांढऱ्या पापणीच्या कोकराला चार दिवस वाट बघायला वेळच नसतो. शेणकिड्यांचा मुद्दा मात्र एकदम बरोबर आहे, आयव्हरमेक्टिन हे जंताचं दुसरं औषध दिल्यावर लेंड्यांतून ते बाहेर पडतं आणि शेणात वाढणाऱ्या किड्यांना त्रास होतो, आणि तेच किडे शेण फोडून वाळवून अळ्या मारायचं काम करत असतात.

बाभळबन

ठीक, पडलेल्या कोकराला औषध द्या, माझी हरकत नाही. पण बाभळीच्या शेंगा, बोराटी, सुबाभूळ यांचं काय? तुरट पाला खाणाऱ्या मेंढ्यांत जंत कमी असतात हे मी स्वतः बघितलंय.

पशुवैद्य_भटका

इथे पूर्ण सहमत. तुरट पाल्यातल्या टॅनिनचा जंतांवर परिणाम होतो, आणि दुसरं म्हणजे मेंढी मान वर करून झुडूप खाते तेव्हा अळ्या खातच नाही, अळ्या बहुतेक गवताच्या खालच्या पाचेक सेंटीमीटरमध्ये असतात. तिसरं, पाल्यात प्रथिनं असतात. शेंगदाणा पेंड किंवा सरकी पेंड मूठ-मूठ मिळणाऱ्या कोकराला तेवढेच जंत असूनही ते तग धरतं.

आर्मिडेलकर

नमस्कार, मी ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला मेंढ्यांच्या फार्मवर काम करतो, मूळचा सांगोल्याचा. इथे आर्मिडेलच्या बाजूला उन्हाळ्यातच पाऊस पडतो त्यामुळे हाच हिमॉन्कस आमच्या मानगुटीवर बसलाय. इथल्या लोकांनी औषधांचा इतका मारा केला की बऱ्याच फार्मवर जुनी औषधं निकामी झालीत, त्यामुळे माण-खटावला तीच वाट धरू नका असं कळकळीनं सांगतो.

इथे लेंड्यांतली अंडी मोजूनच डोस द्या असं सांगतात. मिठाच्या संपृक्त पाण्यात लेंडी घोटायची, गाळायची, काचेच्या आखलेल्या कप्प्यात भरायची, अंडी वर तरंगतात ती सूक्ष्मदर्शकात मोजायची. गावातल्या शाळेतला साधा सूक्ष्मदर्शकसुद्धा चालतो. २०१४ पासून इथे बार्बरव्हॅक्स नावाची लसपण मिळते, ती जंताच्याच आतड्यातल्या प्रथिनांपासून बनवलेली आहे, मेंढीचं रक्त पिताना जंत प्रतिपिंडंपण पितो आणि त्याचंच आतडं बिघडतं. पण एकदा टोचून भागत नाही, हंगामात पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

एका गोष्टीवर डॉक्टरांशी वाद घालायचाय. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी सरसकट सगळ्यांना डोस द्या असं सांगतात. एप्रिल-मेच्या उन्हानं माळावरच्या अळ्या जवळपास संपलेल्या असतात. त्या वेळी सगळं खांड पाजलं तर पोटात उरतात फक्त औषधाला न जुमानणारे जंत, आणि पहिल्या पावसात माळावर पडतात ती सगळी त्यांचीच अंडी. मिसळायला साधे जंत उरतच नाहीत. हे धोकादायक नाही का?

पशुवैद्य_भटका

धोकादायक आहे, मान्य. पण दुसरी बाजू बघा. उन्हाळ्यात हा जंत पोटाच्या अस्तरात अर्धवट अवस्थेत झोपून राहतो आणि पावसाच्या तोंडाशी जागा होतो. शिवाय व्यायच्या सुमाराला मेंढीची प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि तिच्या लेंड्यांतली अंडी वाढतात, कोकरांचं कुरण तीच घाण करते. पूर्ण सोडून देऊन चालणार नाही. मधला रस्ता असा की अंगानं भरलेल्या, लाल पापणीच्या काही मोठ्या मेंढ्या मुद्दाम विनाडोस ठेवायच्या. त्यांच्या पोटातले साधे जंत माळावर पडत राहतात आणि सरावलेल्यांचं पीक पातळ होतं.

खांडातल्या थोड्याच जनावरांत बहुतेक जंत असतात, ही गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्या. म्हणून तर दक्षिण आफ्रिकेत ‘फामाचा’ नावाचं कार्ड निघालं, त्यावर पापणीच्या रंगाचे पाच नमुने असतात, १ म्हणजे लालभडक आणि ५ म्हणजे पांढरी. ४ आणि ५ ला डोस द्यायचाच, कोकरू असेल तर ३ लापण द्यायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी पापण्या बघायच्या, उन्हात बघायच्या, सावलीत रंग फसवतो. महिन्याला सगळ्यांना पाजण्यापेक्षा यात औषध कमी लागतं आणि टिकतं.

धनगरवाडा

हे बेस झालं. पापणी बगून पाजायचं तर आमच्या पोरांस्नी बी जमंल, वाघरीत, जाळीच्या कुंपनात, मेंढरं घेतानाच एकेक धरून बगता येतंय.

आन जुनी मानसं जंताचं नाव घेत नव्हती पर करत होती ते बरोबर होतं असं आता वाटतं. दिवाळी झाली की वाडा हलायचा, कोन कोकनात, कोन भीमथडीला. आज या रानात तळ, चार दिसानं दुसऱ्या. मेंढरं बसवली त्या रानात शेतकरी लगेच नांगर घालायचा, लेंडी मातीत. त्याच गवतावर मेंढरू परत म्हैनोन्‌म्हैने यायचं न्हाय. आता कुरणं बंद, रानात बागा झाल्या, त्याच गायरानात रोज सकाळ-संध्याकाळ. मग जंत हुनार न्हाय तर काय हुनार.

शिवारफेरी

धनगरवाडा, +१. अगदी हेच लिहायला आलो होतो. काढणी झालेल्या रानात, बाजरी-मटकीच्या खुंटांवर कोकरांना आधी सोडायचं, गायरानावर मोठी मेंढरं. आणि सकाळी दव असताना कोकरं कोंडूनच ठेवायची, ऊन चढल्यावर सोडायची.

पुणेकर_खवय्या

अवांतर प्रश्न, रागावू नका. असल्या जंतवाल्या मेंढीचं मटण खाल्लं तर आपल्याला काही होतं का?

पशुवैद्य_भटका

रागवायचं काय त्यात, चांगला प्रश्न. हे पोटातले किडे मटणातून माणसाला होत नाहीत. औषध दिल्यावर मात्र ठरावीक दिवस ते मांसात-दुधात उतरतं, बाटलीवर तो काळ लिहिलेला असतो, तेवढे दिवस जनावर कापायचं नाही.

काळजी करायची ती कुत्र्याची. मेंढीच्या फुप्फुसात-यकृतात पाण्याच्या गाठी असतात, त्या कुत्र्यानं खाल्ल्या की त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी होतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून माणसाच्या हाताला आणि तोंडात जातात आणि माणसाच्या यकृतात तशाच गाठी होतात. खांडात एखादं मेंढरू एकाच बाजूला गरगर फिरताना बघितलं असेल, तोसुद्धा कुत्र्याच्याच दुसऱ्या पट्टकृमीचा प्रताप, मेंदूत गाठ होते. तेव्हा मेंढीची मुंडी, काळीज, फुप्फुस कच्चं कुत्र्याला टाकू नका आणि वाड्यावरच्या कुत्र्यांना प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीचं औषध देत जा.

पुणेकर_खवय्या

बापरे. मटण निवांत खाईन, पण वाड्यावरच्या कुत्र्याला कुरवाळल्यावर हात साबणानं धुईन. धन्यवाद डॉक्टर.

रानवेडी

माझ्या करडांच्या लेंड्यांवर तांदळाच्या दाण्यासारखं पांढरं दिसतं. तेच का हे?

पशुवैद्य_भटका

ते मोनिझिया, पट्टकृमीचे तुकडे. दिसतात म्हणून माणूस घाबरतो, पण एवढ्यानं करडू सहसा मरत नाही. डोळ्याला न दिसणाराच जास्त घातक. आणि महिना-दीड महिन्याच्या पिल्लांना रक्तमिश्रित हगवण असेल तर तो जंत नव्हेच, कॉक्सिडिया हा आतड्यातला एकपेशीय परजीवी असतो, त्यावर जंताचा डोस काही करत नाही, सल्फा किंवा अँप्रोलियम लागतं आणि बसायची जागा कोरडी. शेळीच्या अंगात औषध लवकर निघून जातं, मेंढीच्या मात्रेनं तिला पाजलं तर कमी पडतं, आपल्या डॉक्टरला विचारून घ्या.

माळरान_माण

मंडळी, गावी जाऊन आलो. तालुक्याच्या दवाखान्यात साहेबांना भेटलो. काटा आणला, पापण्यांवरून कोकरं वेगळी काढली. अल्बेंडाझोल वजनावर मोजून पाजलं, पाजायच्या आधी आणि नंतर दोन आठवड्यांनी लेंड्या थेट गुदद्वारातून घेऊन तपासायला दिल्या. अंडी निम्मीसुद्धा कमी झाली नाहीत. म्हणजे जंत औषधाला सरावलेत हे नक्की. अगदी पांढऱ्या पापणीच्या कोकरांना मात्र दवाखान्यातून पहिल्याच दिवशी लिव्हामिसोल हे वेगळं जंताचं औषध दिलं आणि लोहाचं इंजेक्शन, त्यांची सूज उतरली, एक सोडून सगळी चरायला लागलीत.

चुलत्यांना पहिल्यांदा पटत नव्हतं की लाल पापणीच्या मेंढ्यांना डोस नाही द्यायचा. त्यांनाच पापण्या उलटून दाखवायला लावल्या तेव्हा म्हणाले, हां, ही कशाला पाजायची. आता खरं म्हणजे एकच शंका आहे, क्लोझँटेल द्यावं का? दुकानदार म्हणतो महिनाभर चिंता नाही.

पशुवैद्य_भटका

फार चांगलं केलंत. चांगल्या औषधानं अंडी ९५ टक्क्यांहून जास्त कमी व्हायला पाहिजेत, निम्मी पण नाही म्हणजे अल्बेंडाझोल तुमच्या रक्तपित्या जंतासाठी बाजूला ठेवा. लिव्हामिसोल किलोला ७.५ मिलिग्रॅम, यात जास्त झालं तर लाळ, थरथर, म्हणून वजन पक्कं हवं. क्लोझँटेल रक्त पिणाऱ्या जंतांवर आणि लिव्हर फ्लूकवर, म्हणजे यकृतातल्या चपट्या जंतावर, चालतं, अंगात बरेच दिवस राहतं हे खरं, पण मात्रा चुकली तर जनावर आंधळं होतं आणि ती नजर परत येत नाही. किलोला १० मिलिग्रॅम, त्याच्यावर जायचं नाही, आणि दुकानदाराच्या नाही तर तुमच्या डॉक्टरच्या सांगण्यावरून. दर वेळी औषध बदलत बसायची गरज नाही, जे लागू पडतंय ते थोड्याच जनावरांना द्या.

धनगरवाडा

लिव्हर फ्लूकचं निघालं म्हनून सांगतो, कोकनातनं परत आलेल्या खांडात गळ्याला पानी उतरलं तर रक्तपित्या जंत समजून बसू नका. भाताच्या खाचरात, तळ्याकाठी गोगलगायी असत्यात, तितनं ती बला येती.

पशुवैद्य_भटका

बरोबर. वर सांगितलेली पापणी बघायची पद्धत अशा खांडाला एकटी पुरत नाही, फ्लूकमुळेही पापणी पांढरी होते. लेंड्या तपासताना फ्लूकसाठी वेगळी तपासणी सांगा, कारण ती अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत, तळाशी बसतात.

माळरान_माण

आमचं खांड कोकणात जात नाही, पण पाझर तलावाकाठी चरतं, सांगून बघतो. दिवाळीनंतर लोणंदच्या बाजारातून मेंढा आणायचाय, त्याच्याबरोबर बाहेरचे सरावलेले जंत यायची भीती वाटते. त्याला किती दिवस वेगळा ठेवू?

पशुवैद्य_भटका

आणल्या दिवशी दोन वेगळ्या गटांतली, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे जंत मारणारी, औषधं वजनावर द्या, एकत्र मिसळून नाही, एकामागोमाग. दोन-तीन दिवस कोरड्या जमिनीवर बांधून चारा तिथेच टाका, त्या लेंड्या झाडून जाळा. मग त्याला मोकळ्या नव्या रानात न सोडता तुमची मेंढरं जिथे चरलीत तिथेच सोडा, म्हणजे त्याच्या पोटात काही उरलं असेल तर त्याची अंडी तुमच्या साध्या जंतांच्या गर्दीत मिसळून जातील. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस झालीय का तेही विचारा, आणि त्यासाठी दोन-तीन आठवडे खांडात मिसळू नका, जवळ पण वेगळा ठेवा.

धनगरवाडा

आन बाजारातच पापणी उलटून बगा, पैशे द्यायच्या आदी.

माळरान_माण

बघतो. तलावाकाठच्या मेंढ्यांच्या लेंड्या पुढच्या आठवड्यात शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवतोय, फ्लूकचा रिपोर्ट आला की इथेच टाकतो.